गाडी उशिरा आहे

माझ्या जन्मदाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात ‘प्रतीक्षागृह, द्वितीय श्रेणी’ असं लिहिलेलं आहे. आईला शहरातल्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, दहा चाळीसची गाडी साडेचार तास उशिरा होती, आणि मी वेळेवर आले. आयुष्यात वेळेवर पोचण्याची माझी ती पहिली आणि शेवटची खेप. बाबा त्याच स्टेशनचे मास्तर असल्यामुळे आईनं गाडीच्या उशिराबद्दल त्यांच्याकडेच तक्रार केली, दोन कळांच्या मधल्या वेळात, आणि बाबांनी ती रीतसर तक्रारवहीत उतरवून घेतली. ती वही अजून आहे. तक्रारीचं स्वरूप: ‘गाडी नाही.’ केलेली कार्यवाही: ‘मुलगी झाली.’

आमचं स्टेशन लहान. एक फलाट, एक प्रतीक्षागृह आणि कुणाच्याच उंचीला न जमणारी एक तिकीटखिडकी. उंच माणसाला वाकावं लागे, बुटक्याला उडी मारावी लागे. प्रथम श्रेणीचं प्रतीक्षागृह बांधायचं राहूनच गेलं, त्यामुळे मोठमोठे साहेबसुद्धा आमच्याकडे द्वितीय श्रेणीतच ताटकळायचे. फलाटाच्या मागे तीन सायलो आहेत, म्हणजे धान्य साठवायच्या काँक्रीटच्या गोल कोठ्या, सात मजल्यांएवढ्या उंच. लोक त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतात. एका घरातल्या जावांसारख्या त्या खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत आणि एकमेकींकडे बघत नाहीत.

कोठ्या आत्याच्या ताब्यात होत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एकतीस वर्षं ती धान्य खात्यात कोठीवाली होती. लाकडी मोगरीनं भिंतीवर ठोकायची, कान लावायची आणि आत धान्य कुठवर आलंय ते सांगायची. पुढे खात्यानं मापाचं यंत्र बसवलं, तेव्हा यंत्र बरोबर चालतंय का हे बघायला आत्यालाच ठोकायला लावलं.

फलाट रेल्वेचा, कोठ्या धान्य खात्याच्या, आणि मधोमध विटांची एक ओळ. ती हद्द. बाबा त्या विटांना चुना लावायचे, पण फक्त आपल्या अंगानं. आत्याच्या अंगानं त्या विटा कायम लाल. “दुसऱ्या खात्यात ब्रश नेता येत नाही,” असं बाबांचं म्हणणं. संध्याकाळी दोघं भावंडं त्याच विटांवर बसून चहा प्यायची. बाबांचे पाय रेल्वेत, आत्याचे धान्य खात्यात.

चार वर्षांपूर्वी आमची गाडी बंद झाली, असं लोक म्हणतात. बाबांचं मत वेगळं आहे. त्या दिवशी दहा चाळीसची आली नाही, म्हणून त्यांनी फळ्यावर खडूनं ‘गाडी उशिरा आहे’ असं लिहिलं आणि वाट बघत बसले. गाडी बंद केल्याचं पत्र त्याच गाडीच्या टपालातून यायचं होतं. ते आजतागायत आलेलं नाही. मधल्या काळात बाबा रिटायर झाले, क्वार्टर परत मागायला कुणी आलं नाही, म्हणून घर तिथंच राहिलं आणि फळाही. अक्षरं पुसट झाली की बाबा ती पुन्हा गिरवतात.

“बाबा, चार वर्षं झाली.”

“मग उशीरच झाला ना. खोटं काय लिहिलंय त्यात?”



मग एक पत्र मात्र आलं, बसनं. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी वाहनतळ आणि स्वच्छतागृह बांधायचं होतं आणि जागा आमचीच नेमली होती. स्टेशन पाडणार, तिन्ही कोठ्या पाडणार. वाचवायचं असेल तर एकच वाट होती: वारसा कार्यालयाकडे अर्ज करायचा. तिथून तपासनीस येणार, वास्तू बघणार आणि शंभरपैकी गुण देणार. साठ मिळाले तर वास्तू राहील. एकोणसाठ मिळाले तर स्वच्छतागृह.

पाडायचं मशीन निकालाची वाट न बघता आधीच येऊन उभं राहिलं. पिवळंधमक, लांब हाताचं, पुढे दात असलेला डबा. ते चालवणारा मशीनवाला मात्र मोठा गोड माणूस निघाला. निकाल लागेपर्यंत त्याला काम नव्हतं, त्यामुळे तो आईच्या हातचं जेवत होता आणि प्रतीक्षागृहात, म्हणजे माझ्या जन्मस्थळी, झोपत होता.

“काकू, हे पाडताना मला फार वाईट वाटेल,” तो आईला म्हणाला.

“मग नको पाडूस.”

“मला दुसरं काही येतच नाही ना.”

“बरं, आधी जेवून घे,” आई म्हणाली.

अर्ज मी लिहिला. मी शहरात राहते आणि मिक्सर, इस्त्र्या, पंखे यांच्या माहितीपुस्तिका लिहिते. त्यामुळे पहिल्या खर्ड्यात वरच ‘वापरण्यापूर्वी कृपया संपूर्ण वाचा’ असं पडलं होतं, ते खोडलं. रकाने चार होते: वय, बांधकाम, मूळपणा आणि लोकांशी नातं. प्रत्येकी पंचवीस गुण. वय नव्वदच्या पुढे, बांधकाम दणकट, पण अशी म्हातारी आणि दणकट स्टेशनं पुष्कळ असतात. आमची सगळी मदार शेवटच्या रकान्यावर होती, आणि त्या रकान्यासाठी आमच्याकडे एक भिंत होती.

ती भिंत थोरलीची. तीस वर्षांपूर्वी लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. लांबलांबच्या मुलखांतून धान्य गाडीनं यायचं, आत्या ते कोठ्यांत चढवायची आणि खालून मापानं वाटायची. आसपासच्या सगळ्या गावांची रांग थोरलीभोवती लागायची, दोनदोन दिवस. पण घरी लेकरं होती, जनावरं होती, अंथरुणाला खिळलेली माणसं होती; रांगेत उभं तरी किती राहणार? तेव्हा आत्यानं एक पद्धत काढली. रुळांशेजारी पडलेला कोळसा उचलायचा, भिंतीवर आपल्या घराची खूण काढायची आणि सरळ घरी जायचं. रांगेत खूण उभी राहील.

आत्यानं मुद्दाम आकडे लिहू दिले नाहीत. आकडा कुणीही खोडून बदलेल, पण आपलं चित्र ज्याचं त्याला ओळखू येतं. कुणी शिडी काढली, कुणी कंगवा, कुणी तीन पायांचं स्टूल, एकानं नुसता स्वतःचा कान. दोनशे चौदा घरांच्या दोनशे चौदा खुणा. आत्या दारात उभी राहून हाक मारायची, “शिडी,” आणि शिडीवाले पोती घेऊन धावत यायचे. कुणी कुणाच्या खुणेपुढे घुसलं नाही. त्या तीन वर्षांत आमच्या भागात भुकेनं एकही माणूस गेलं नाही. हे शेवटचं वाक्य आत्या नेहमी हळू आवाजात बोलते, दृष्ट लागू नये म्हणून.

आईच्या घरची खूण होती शेळी. बाबा तेव्हा नवे मास्तर. हद्दीच्या विटांपाशी उभं राहून, पलीकडे पाऊल न टाकता, त्यांनी विचारलं, “हे टेबल कुणाचं?”

“शेळी आहे ती,” आई म्हणाली. “टेबलाला शिंगं असतात का?”

“मला वाटलं, वर फुलदाणी ठेवलीय.”

पुढचं सगळं तिथून सुरू झालं. तेव्हा माझ्यापुरतं बोलायचं तर मी संपूर्णपणे याच वास्तूत तयार झालेली वस्तू आहे. सुटे भाग कोठीतून, जोडणी प्रतीक्षागृहात.

भिंतीवर, माल चढवायच्या जागेपुरतं, छप्पर असल्यामुळे खुणा पावसानं धुतल्या नाहीत. रंगानंही झाकल्या नाहीत, कारण धान्य खातं कधी कशाला रंग लावत नाही आणि बाबा ब्रश घेऊन हद्द ओलांडत नाहीत. अर्जाला फोटो जोडायची मात्र मनाई होती. फोटोत काय वाटेल ते करता येतं, तपासनीस डोळ्यांनी बघतील, असं कार्यालयाचं म्हणणं.

तपासनीस बाई बुधवारी येणार असं कळल्यावर मी रविवारी घरी फोन केला.

“बाबा, बुधवारी इन्स्पेक्शन आहे.”

इथे मी घोळ केला. जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाला काहीही सांगावं, पण इन्स्पेक्शन आहे असं सांगू नये. चाळीस वर्षं बाबांच्या कानावर ही बातमी पडली की हात आपोआप चुन्याच्या बादलीकडे जायचा. साहेब येणार म्हणजे जे जे हलत नाही त्याला चुना. फलाटाची कड, झाडांचे बुंधे, आगीच्या बादल्या, रस्त्याकडेचे धोंडे. एकदा घाईघाईत झोपलेल्या कुत्र्याचं अर्धं शेपूटही त्यात गेलं. ते कुत्रं पुढे मरेपर्यंत ‘साहेब’ म्हणून ओळखलं जात होतं.

“बरं,” बाबा म्हणाले. “कोठ्यापण बघणार?”

“दोन्ही एकत्रच बघणार.”

“एकत्र,” बाबा म्हणाले आणि गप्प झाले. मला वाटलं रेंज गेली. म्हणून मी फोन ठेवला आणि समाधानानं इस्त्रीची पुस्तिका लिहायला बसले.

बुधवारी तपासनीस बाई आणि मी एकाच बसनं निघालो. सोबत आत्याही होती. डोळे तपासून घ्यायला ती चार दिवस माझ्याकडे शहरात आली होती. बाई गंभीर होत्या. दोन तासांच्या प्रवासात त्या एकच वाक्य बोलल्या, “ही खिडकी लागत नाही.” मी ते वाक्य शुभ मानलं.

बारा वाजता उतरलो आणि तिघींनीही डोळ्यांवर हात धरला. स्टेशन पांढरं होतं. फलाटाची कड, खांब, बाकाचे पाय, घंटेचा दोर बांधायचा खुंटा, सगळं. विटांची ओळ दोन्ही अंगांनी पांढरी. आणि विटांच्या पलीकडे थोरली, पायापासून छपरापर्यंत आणि छपराच्या वरही मजलाभर, पांढरीशुभ्र.

आत्यानं काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“डॉक्टर तर म्हणाला डोळे ठीक आहेत,” ती मला म्हणाली. “मग मला हे पांढरं का दिसतंय?”

बाबा जुना गणवेश चढवून फलाटावर उभे होते. पापण्यांवर चुन्याचे ठिपके. शेजारी मशीनवाला, तोही डोक्यापासून पायापर्यंत ठिपक्याठिपक्यांचा. मशीनच्या डब्यात उभं करून त्यानं बाबांना वर उचललं होतं, म्हणून छपराच्या वरपर्यंत ब्रश पोचला.

“इतक्या वर्षांत या मशीननं पहिल्यांदाच काही चांगलं केलं,” तो मला म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी त्याला सोडून बाबांकडे वळले.

“बाबा, खुणा?”

“आहेत की.”

“कुठे?”

“चुन्याखाली. जातायत कुठे? मला पाठ आहेत, कुठे काय ते.” मग बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. “काल दुपारी उरकलं. ताई यायच्या आत. साहेबासमोर तिची भिंत काळी कशी दिसू द्यायची? आमचं सगळं झकपक आणि तिचं तसंच, असं तीस वर्षं चाललं. एवढ्या लोकांना तिनं जगवलं आणि तिच्या भिंतीला कुणी एक हात चुना लावला नाही. मीसुद्धा. हद्दीमुळे.”

एवढं बोलून त्यांनी बहिणीकडे बघितलं. लहान मुलानं चित्र काढून दाखवावं तसा चेहरा होता त्यांचा. आत्यानं भिंतीकडे बघितलं, मग भावाकडे, आणि ती आत पाणी प्यायला गेली.

मी आईला गाठलं. “तू अडवलं नाहीस?”

“मी म्हटलं, निदान शेळी तरी राहू द्या. म्हणाले, साहेबासमोर टेबल बरं दिसत नाही.”

बाई तोवर कामाला लागल्या होत्या. त्यांनी फलाट पावलांनी मोजला, दारांना टकटक केलं, तिकीटखिडकीतून वाकून बघितलं, बाक बघितला. फळ्यापुढे त्या बराच वेळ थांबल्या.

“कुठली गाडी उशिरा आहे?”

“दहा चाळीसची,” बाबा म्हणाले.

“किती उशिरा?”

“चार वर्षं, दोन महिने. आणि आता,” बाबांनी घड्याळ बघितलं, “दोन तास.”

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या थोरलीपाशी आल्या आणि अर्ज उघडला. “‘भिंतीवर कोळशानं काढलेल्या दोनशे चौदा खुणा,’” त्यांनी वाचलं. मग भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघून डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते उन्हामुळे.

मी खरं काय ते सांगितलं. दुष्काळ, रांग, खुणा, इन्स्पेक्शन, चुना, सगळं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मला विश्वास ठेवायचाय,” त्या म्हणाल्या, “पण रकान्यात तसं लिहिता येत नाही. जे दिसलं तेच लिहायचं. वय अठरा. बांधकाम सतरा. मूळपणा,” त्यांनी बोटाला लागलेला चुना बघितला, “पाच. लोकांशी नातं, अर्जात लिहिलेल्या खुणा आढळल्या नाहीत. शून्य.”

चाळीस. वीस कमी पडत होते. मशीनवाल्यानं ऐकलं आणि तो आपल्या मशीनकडे अशा नजरेनं बघू लागला की जणू घरातल्या कुणी मोठा गुन्हा केलाय.

बाबा विटांवर जाऊन बसले. गणवेशाची वरची गुंडी त्यांनी काढली. तेव्हा त्यांना कळलं. तोवर त्यांची समजूत होती की बाई स्टेशन किती टापटिपीत ठेवलंय ते बघायला आल्यात. जुनं बघायला कुणी सरकारी माणूस दोन तास बसनं येईल, हे त्यांच्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

आत्या बाहेर आली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून आपल्या अंगाला बसली. नेहमीसारखे पाय धान्य खात्यात.

“ताई,” बाबा म्हणाले, “मी वाट लावली.”

“तीस वर्षं मी मनात म्हणत होते, हा आपला ब्रश एकदा तरी या बाजूला आणेल,” आत्या म्हणाली. “आणलास. मुहूर्त मात्र बघून आणलास.”

“पुसून काढू का?”

“हात लावू नकोस. चुन्याबरोबर कोळसाही जाईल.”

“पण मी तर,” बाबा म्हणाले आणि थांबले. “तुझे आभार कसे मानायचे ते मला कधी जमलं नाही. चुना लावता येतो तेवढाच.”

आत्यानं मागे हात नेऊन त्यांच्या बाहीवरचा चुना झटकला. तो झटकला गेला नाही.

दोनची बस ही परतीची शेवटची. दीड वाजला होता. आईनं सगळ्यांना चहा दिला, कपबशा विसळल्या आणि विसळलेल्या पाण्याची बादली उचलली. मला वाटलं झाडाला घालेल. ती हद्द ओलांडून थोरलीपाशी गेली, थोडं डावीकडे सरकली, अंदाज घेतला आणि सगळी बादली भिंतीवर फेकली.

“काकू?” मशीनवाला म्हणाला.

“चुना वाळला की झाकतो,” आई म्हणाली. “ओला झाला की झाकत नाही. मी स्वयंपाकघराला एवढी वर्षं चुना लावतेय. दर वेळी भांडी धुताना पाणी उडालं की मागचे तेलाचे डाग परत दिसतात. तिकडे आपण कशाला कौतुकानं बघतो?”

पांढरं राखाडी झालं, राखाडी पातळ झालं, आणि भिंतीच्या आतून एक शेळी वर आली. चार पाय, सपाट पाठ, वर दोन शिंगं. खरं सांगते, टेबलच होतं ते. वर फुलदाणी ठेवलेलं टेबल.

बाई दोन पावलं पुढे झाल्या. त्यांच्या समोरच कडेकडेनं भिंत सुकू लागली आणि शेळीचे मागचे पाय परत पांढऱ्यात गेले.

“अजून पाणी,” बाई म्हणाल्या.

मशीनवाला धावला. त्यानं आगीच्या चारही बादल्या भरून आणल्या; त्या कधीतरी उपयोगी पडाव्यात म्हणून चाळीस वर्षं खुंटीला टांगलेल्या होत्या. बाबा मात्र अजून बसूनच होते. बसल्या जागेवरून, भिंतीकडे पाठ करून, ते सांगत गेले, “टेबलाच्या उजवीकडे कंगवा. त्याच्या वर स्टूल. मग कान. कानाच्या खाली, गुडघ्याएवढ्यावर, पतंग.” जिथे ते सांगत तिथे मशीनवाला पाणी मारत होता, आणि तिथे तेच निघत होतं. कंगवा. स्टूल. कान. पतंग. चुन्याखाली आहेत आणि मला पाठ आहेत, असं ते म्हणाले होते, आणि दोन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या निघाल्या. आत्या प्रत्येक खुणेला मान डोलवत होती आणि ओठांतल्या ओठांत हाक मारत होती, तीस वर्षांपूर्वीसारखी.

एवढ्यात बस आली. बाई निघाल्या नाहीत. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, मग वैतागून उतरला आणि कुणाला घाई आहे की नाही हे विचारायला आमच्याकडे आला. भिंतीपुढे येऊन तो उभाच राहिला.

“ही ती भिंत?” तो म्हणाला. “आमची शिडी होती इथं. आमचे वडील सांगायचे.”

“कुठली शिडी?” आत्या म्हणाली. “पाच पायऱ्यांची की सात?”

“सात. एक तुटकी.”

“दाराच्या पलीकडे. हात वर करून जेवढं पोचेल तेवढ्यावर. तुझे वडील उंच होते.”

ड्रायव्हरनं मशीनवाल्याच्या हातातली बादली घेतली आणि दाराच्या पलीकडे गेला. थोड्या वेळानं मी जाऊन बघितलं तर तो भिंतीला हात लावून उभा होता, तुटक्या पायरीपाशी, आणि बाही ओली करून घेत होता. ती भिंतीमुळे ओली होत नव्हती.

मग बसमधले उतारू एकेक करून खाली आले. आधी चौकशीला, मग शोधायला. प्रत्येकाच्या हातात प्यायच्या पाण्याची बाटली होती. “आमचा कंदील कुठे?” “मावशी, आमची ती दोन तोंडाची चिमणी आठवते का?” “ए, बाटली दे इकडे, माझं मांजर सुकतंय.” एका आजोबांनी उरलेलं सगळं पाणी एका वेड्यावाकड्या वर्तुळावर ओतलं आणि ते त्यांच्या आईचं जातं आहे, असं त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं. कुणी कुणाच्या खुणेवर पाणी मारलं नाही. ज्यानं त्यानं आपलीच शोधली. आणि ज्यांना सापडली ते, जाताना वाटेत थांबावं तसं, आत्यापुढे येऊन उभे राहिले. काहींनी तिचा हात हातात घेतला. एकीनं तिला आपली निम्मी भरलेली पाण्याची बाटली दिली, दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून.

आत्याची मात्र पंचाईत झाली. दोनशे चौदा घरांना हाका मारणाऱ्या त्या बाईला एकाएकी बोलताच येईना. शेवटी ती भावावर उखडली.

“बसलायस काय तिथं? कोपऱ्यातला घोडा राहिला ना सांगायचा.”

“तो घोडा नव्हे, खाट आहे,” बाबा म्हणाले, उठले, आणि विटा ओलांडून तिच्या अंगाला गेले.

बस त्या दिवशी एक तास वीस मिनिटं उशिरा सुटली. तेवढ्या वेळात बाईंनी सव्वाशे खुणा वहीत उतरवून घेतल्या, बाकीच्या आत्यानं सांगितल्या. चुन्यामुळे नुकसान झालं नाही, उलट झाकण बसलं, असं त्या म्हणाल्या. चुन्याखाली जुनी चित्रं शेकडो वर्षं टिकल्याची उदाहरणं आहेत म्हणे. मग त्यांनी शेवटच्या रकान्यातलं शून्य खोडलं आणि चोवीस लिहिले. चौसष्ट.

“एक गुण का कापला?” आईनं विचारलं.

“शेळी टेबलासारखी दिसते,” बाई म्हणाल्या. दिवसभरासारखंच, चेहऱ्यावरची रेघही न हलवता.

निकालाचं पत्र दोन महिन्यांनी आलं. स्टेशन आणि तिन्ही कोठ्या राहणार होत्या. मशीनवाल्याला दुसऱ्या गावी जावं लागलं. जाताना तो भिंतीवर एक मशीन काढू का असं विचारत होता. आत्या म्हणाली, रांग संपलीय. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं विटांच्या ओळीतल्या शेवटच्या विटेवर, पूर्वीच्या लाल अंगाला, चुन्याचा एक टवका उडाला होता तिथं, त्याला कोळशानं काढू दिलं. मशीन फार चांगलं जमलेलं नाही. बगळ्यासारखं दिसतं.

पत्रासोबत अटी होत्या. वर्षातून एकदा, ठरवून दिलेल्या दिवशी, भिंत ओली करून लोकांना दाखवावी. आणि पूर्वपरवानगीशिवाय कुठेही रंग अथवा चुना लावू नये. ही दुसरी अट बाबांच्या जिवावर आली. चार दिवस ते हात मागे बांधून फलाटावर फिरत होते. पाचव्या दिवशी त्यांनी रीतसर अर्ज केला: रस्त्याकडेचे अकरा धोंडे, वारसा यादीत नाहीत, तरी चुना लावण्यास परवानगी मिळावी. परवानगी आली. अकरा धोंड्यांची, सही-शिक्क्यासह. ती त्यांनी काचेत घालून लावली आहे.

पत्राच्या शेवटी संरक्षित वस्तूंची यादी होती. घंटा, तिकीटखिडकी, आत्याची मोगरी, तक्रारवही, प्रतीक्षागृहातला बाक. आणि चौदाव्या क्रमांकावर: ‘फळा, त्यावरील मजकुरासह. मजकूर पुसण्यास अथवा बदलण्यास मनाई आहे.’

बाबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा. मग ते फळ्यासमोर जाऊन उभे राहिले, खिशातला खडू काढला आणि पुसट झालेला ‘उ’ काळजीपूर्वक गिरवला.

“बघ,” ते म्हणाले, “आता ती कुणाला बंद करता येणार नाही.”

मी प्रतीक्षागृहातल्या बाकावर बसले होते, माझ्या बाकावर. त्या गाडीनं एकदा साडेचार तास उशीर केला म्हणून मी इथं जन्मले, आणि त्याबद्दल तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते. ती आली की मानीन. घाई नाही.